दोन सूत

सियागंजातल्या दुकानदारानं खोक्यावर बोट ठेवलं:
युनिव्हर्सल.
"बैठ जाएगा भिया, सब में बैठता है."
सगळ्यांत, म्हणजे नेमकं कशातच नाही,
हे मला कळलं रविवारी साडेदहाला,
लोकमान्य नगरातल्या आमच्या पोर्चमध्ये,
जुन्या चादरीवर मांडी घालून,
चारांपैकी तीन बोल्ट तोंडात धरून.

खोक्यावर त्याला बॅकरेस्ट म्हटलंय.
कुमुद खुर्ची म्हणते.
मणक्याच्या ऑपरेशननंतर
ती मागे बसलेली नाही, पावणेदोन वर्षं.
डॉक्टर म्हणाले होते, टेकायला काही असेल तर बसा.
हे ते काही.

सूचनांच्या कागदावर चार चित्रं, एक बाण.
बाण हवेत सुटलेला.
तिसऱ्या चित्रातला हात कुणाचा कळत नाही,
पण त्याला घाम आलेला नाही.
आधी मागचा दिवा काढावा लागतो,
हे कुठंच लिहिलेलं नाही.
काढला, तर वायरी हातात आल्या.
निळी.
की तपकिरी, धुळीनं निळी झालेली?
दहाचा पाना ढिला. नऊचा शिरत नाही.
साडेनऊचा देवानं केलाच नाही.
एक वायसर टणकन उडालं,
मोरीच्या जाळीवर क्षणभर कडेवर उभं राहिलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि गेलं.

डावीकडची भोकं जुळतात.
उजवीकडची दोन सूत पुढं.
दोन सूत म्हणजे बासमतीचा अख्खा दाणाही नाही.
आमच्या पत्रिकांत याहून मोठी तफावत निघाली होती,
तरी सूत जुळलं.
इथं मी ओढलं, दाबलं, गुडघा लावला,
आणि जे शब्द तोंडून गेले
ते शाळेच्या मैदानावर शिकलेले,
घरात आजवर वापरले नव्हते.

वरून खासगीवाल्यांचा चिन्मय वाकला:
"काका, व्हिडिओ बघा ना."
बघितलाय, बाबा. त्यात सात मिनिटं लागतात,
त्यातली दोन संगीताची.

चौथा बोल्ट तिरका शिरला.
पाऊण वळसा गेला, मग मऊ लागला.
हे मऊ लागणं ज्याला माहीत आहे
त्याला पुढचं सांगायला नको.
आटा गेला.

कुमुद बाहेर आली. जरा वेळ बघत राहिली.
"उलटं लावलंयस का रे?"
"नाही."
"त्या पट्टीवर आर आहे. आणि ती डावीकडं आहे."
"कंपनीचं नाव असेल."
ती आत गेली.
भिंतीला न धरता गेली, हे मी पाहिलं.
रागात होतो, म्हणून बोललो नाही.

रात्री नऊला,
कुणी बघत नाही हे बघून,
पट्ट्यांची अदलाबदल केली.
तीन बोल्ट असे बसले
जणू सकाळी कुणी भांडलंच नव्हतं.
चौथा, डब्यातून शोधलेला दुसरा,
अजून अर्धा सूत अडतोय.

आता गोल कानस घेऊन बसलोय.
चकाकीच्या खाली साधं लोखंड निघालं,
चादरीवर पिठासारखं पडतंय.
कोपऱ्यावरचं कुत्रं कानसेला साथ देतंय.
खिडकीतून आवाज:
"उद्या छावणीत वेल्डरकडं ने ना."
नेणार नाही.
थोड्या वेळानं पुन्हा:
"बसेल?"
कोण, ते तिनं सांगितलं नाही.
मी भुकटी फुंकली,
आणि सियागंजातल्या त्या माणसासारखाच
भोकाकडं न बघता म्हणालो,
बसेल, बसेल.

डावं बटण दाबलं की उजवा दिवा लुकलुकतो,
हे अजून तिला सांगितलेलं नाही.